डाव्या गालावरची फुली

माझ्या डाव्या गालावर एक फुली आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला मान वाकडी करून पाहायला नको. एकमेकींना छेदणाऱ्या दोन काळपट रेघा, गणित चुकलं की गुरुजी वहीत मारायचे तशा. त्या फुलीभोवती अर्ध्या तळहाताएवढा तपकिरी पट्टा आहे, तो दहा-अकरा वर्षांनी आला. फुली माझ्या मायने घातली आणि पट्टा नागपूरच्या एका चामडीच्या डॉक्टरने. दोघांनाही माझं भलंच करायचं होतं. माझं वाईट चिंतणाऱ्यांनी माझ्या तोंडाला कधी बोटही लावलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावपासून पायी जाण्याच्या अंतरावर. धानाचा मुलूख. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं, मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा मला गालफुगी झाली. डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला. दवाखाना पवनीला. बाबा बैलगाडी घेऊन कुठेतरी गेलेले, दोन दिवस यायचे नव्हते.

आमच्याकडे तेव्हा घरोघरी बिब्बा असायचा. पोट दुखलं की बेंबीच्या भोवती बिब्ब्याच्या फुल्या काढायच्या, पाय मुरगळला की घोट्यावर. माय तर हिवाळाभर बायकांबरोबर जंगलातून बिब्बे आणून फोडायची, आतली गोडंबी काढून वाळवायची, आणि तिच्या बोटांची टोकं होळीपर्यंत काळी राहायची. बिब्ब्याचा तिचा हात बसलेला होता. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की झटकन दोन रेघा ओढायच्या आणि वरून चुन्याचं बोट फिरवायचं. फक्त एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, की बिब्बा तोंडावर लावत नाहीत. अंगावर लावला तर कपड्याखाली झाकून जातो, आणि तोंडाची कातडी नाजूक. हे मायलाही ठाऊक होतं.

तरी त्या दुपारी तिने दिवा लावला. मला मांडीवर आडवं घेतलं, डोकं गुडघ्याने दाबून धरलं आणि म्हणाली, "हालू नको." मी हलले नाही. आधी काही वाटलं नाही, मग गरम, मग गालात निखारा ठेवल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. उतला म्हणजे कातडीवर फोड येतात, लस वाहते आणि खाज अशी सुटते की माणसाने भिंतीला गाल घासावा. मी घासला. गालफुगी गेली. ती तशीही आपोआप गेली असती, हे मला पुढे शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळालं. फुली मात्र राहिली.

दिवाळीला आत्या आली. तिने माझं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि सगळ्यांसमोर मायला म्हणाली, "पोरीचं तोंड नासवलं व तू. आता कोन करन हिले?" माय चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. त्या दिवसापासून मायचा हात माझ्या डाव्या गालाला लागला नाही. वेणी घालताना ती उजव्या बाजूला बसायची. परीक्षेत पास झाले, की कौतुकाने हात फिरवायचा तो उजव्या गालावर, बोटं मोडायची तीही उजवीकडून. मला वाटायचं सगळ्या आया अशाच असतात, एका बाजूच्या.

शाळेत मला 'चुकलेलं गणित' म्हणायचे. म्हणणाऱ्या पहिल्या मुलीची पाटी मी फोडली आणि दुसऱ्या मुलाचा सदरा फाडला, त्यानंतर तोंडावर कोणी म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मला फुलीची आठवणच राहायची नाही. घरात आरसा होता तो तळहाताएवढा, त्यात एका वेळी एक तर कपाळ दिसायचं, नाहीतर हनुवटी. आपला चेहरा दुसऱ्यांनाच जास्त दिसतो आणि त्रासही त्यांनाच होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मी पवनीला जाऊन मॅट्रिक झाले. ऐंशी साल उलटून गेलं होतं. उन्हाळ्यात सानगडीच्या एका घरातून विचारणा आली. मुलगा साकोलीला सरकारी कचेरीत बाबू होता. आमच्या घरातून आजवर कोणी बाबूच्या घरी गेलं नव्हतं. बाबांनी ही बातमी सायकलवर बसून तीन गावांत पोचवली.

पाहुणे आले. मी चहा नेला. मुलाच्या आईने कप घेतला, खाली ठेवला, आणि माझी हनुवटी धरून मला खिडकीकडे वळवलं. बाजारात भाजी पाहतात तसं नाही, त्याहून निरखून.

"हे काय होय वो?"

"लहानपनी दिवाळीत फटाका उडाला गालावर," माय दाराआडून म्हणाली.

मी चमकून दाराकडे पाहिलं. आमच्या घरी तेव्हा फटाके आणत नसत. पण बिब्ब्याचं नाव काढलं असतं तर बाबूच्या घरच्यांनी आम्हाला अडाणी म्हटलं असतं, म्हणून हे आधीच ठरलं होतं. फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

"वाढत त नाही ना?" मुलाच्या आईने विचारलं.

साधा प्रश्न होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं ती काय विचारतेय. आमच्या भागात महारोग होता. शाळेत डाग तपासायला माणूस यायचा आणि डागावर टाचणी टोचून पाहायचा. मलाही टोचलं होतं. मी अशी किंचाळले की तो हसून म्हणाला, हिला काही झालेलं नाही. पण हे बैठकीत कसं सांगणार?

"नाही नाही, वाढत नाही," बाबा घाईघाईने म्हणाले.

"मंग नागपूरले दाखवा ना. तिथं चामडीचा डाक्टर आहे, औषध लावून डाग काढून देते म्हनते. पोरगी आमाले पसंत आहे. पोळा झाला की आमी पुन्हा येतो, डाग गेला असन त तवाच नारळ देऊन लग्न पक्कं करून टाकू."

बाबांनी हात जोडून शब्द दिला. माझ्या गालाचा शब्द, माझ्या देखत, मला न विचारता. मी तेव्हा गप्प बसले, कारण मला वाटलं, डाग जात असेल तर जाऊ दे की. मी काही त्या डागाच्या प्रेमात नव्हते. आणि मुलगाही काही वाईट दिसत नव्हता.

मृग लागायच्या आधी माय आणि मी पवनीहून एसटीने निघालो. भिवापूर, उमरेड करत नागपूर. दवाखान्याच्या भिंती गुळगुळीत हिरव्या, जमीन ओली, वास फिनाईलचा. डॉक्टर नीट कपड्यातले, घाईत असलेले. मायने त्यांनाही फटाक्याचंच सांगितलं. त्यांनी गालावर भिंग धरलं आणि म्हणाले, "भाजल्याचा आहे ना? निघेल. वरची कातडी सोलली की खालून नवी येते."

मला वाटलं चाकूने सोलतात. माझं तोंड पाहून ते हसले आणि एक छोटी बाटली दाखवली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. स्पिरिटने गाल पुसला, डोळ्याच्या कडेला आणि नाकाच्या खाचेत व्हॅसलीन भरलं, काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि म्हणाले, "हलायचं नाही हं."

माझ्या अंगावर काटा आला तो भीतीने नाही, ओळखीने. आधी काही वाटलं नाही, मग गरम, मग निखारा. अगदी तसंच. नर्सबाई पुठ्ठ्याने वारा घालत होती. पलीकडच्या काचेच्या कपाटात मला माझा गाल दिसला, तो पाहता पाहता पांढरा पडत गेला, चुन्याचं बोट फिरवल्यासारखा. मायने डोळ्यांवर पदर घेतला. मी मनात म्हटलं, हा तर बिब्बाच की! फक्त इथे पंखा आहे आणि अपॉइंटमेंट लागते.

निघताना डॉक्टरांनी मलमाची ट्यूब दिली आणि बजावलं, "तीन महिने उन्हापासून जपायचं. बिलकुल ऊन लागू द्यायचं नाही." माय दोनदा मान हलवून हो म्हणाली. ते पुढच्या पेशंटकडे वळले. आम्ही कोण, काय करतो, पुढचे तीन महिने कोणते आहेत, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

आठवड्याभरात गालाची कातडी आधी तपकिरी, कडक झाली आणि मग उकडलेल्या आलूच्या सालीसारखी निघाली. खालून गुलाबी, तुकतुकीत कातडी आली. फुली पुरी गेली नव्हती, पण इतकी फिकी झाली होती की शोधावी लागायची. माय लांबूनच पाहायची, पण दिवसातून दहादा पाहायची. कामात गुणगुणायला लागली होती ती. मी तिला त्याआधी गुणगुणताना कधी ऐकलंच नव्हतं.

मग पाऊस आला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं वर आली आणि रोवणा लागला. ज्यांनी धानाचा रोवणा पाहिला नाही त्यांना सांगते, ते दिवस असे असतात की गावात चालू शकणारं कोणीही घरी राहत नाही. पाणी भरलेल्या बांधीत बायका ओळीने वाकून उभ्या राहतात, हातात रोपांची पेंढी, आणि मागे मागे सरकत रोपं चिखलात खोचत जातात. मजूर मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही, पऱ्हे वाढून बसतात. अशा दिवसांत धडधाकट पोर घरात बसली तर गावात एकच प्रश्न निघतो, तिला झालं काय? आणि आम्हाला नेमका तोच प्रश्न नको होता.

"मी येते," मी म्हणाले.

"ऊन लागन ना व," माय म्हणाली.

"डोक्यावर घेते की."

मायने मग डोकं लढवलं. पळसाच्या पानांचं भलं मोठं इरलं माझ्या डोक्यावर बांधलं, त्याच्या पुढच्या कडेला जुन्या लुगड्याची झालर लावली. मी चालती-बोलती झोपडी दिसत होते. बायका हसून हसून बेजार. पण सगळ्यांचं एकमत झालं, की आता ह्या पोरीले ऊन लागूच शकत नाही. ऊन येतं ते वरून, आणि वरची बाजू तर बंद झाली. जन्मभर बांधीत वाकलेल्या पंधरा-वीस बाया होत्या तिथे, एकीच्याही डोक्यात दुसरी गोष्ट आली नाही.

पाऊस दोन दिवस उघडला. आकाश धुतल्यासारखं झालं, बांधी काठोकाठ भरलेली, पाणी शांत. मी वाकून दिवसभर रोपं खोचत होते आणि पाणी खालून माझ्या तोंडात ऊन फेकत होतं. आमची सगळ्यांची तोंडं त्या पाण्यापासून हातभर अंतरावर असायची. वाकलं की लुगड्याची झालर पुढे लोंबायची, गालाला तिचा काही आडोसा होत नव्हता. जुन्या कातडीला सवय होती. नवी तीन आठवड्यांची होती. संध्याकाळी शेजारची काकू म्हणाली, "माय व, पोरीचा गाल काहून असा लाल झाला?" मायने ट्यूबमधलं मलम माझ्या हातावर पिळलं आणि लावायला सांगितलं. स्वतः लावलं नाही.

पंधरा दिवसांत लालीचं तपकिरी झालं आणि तपकिरी पसरलं. जेवढ्या जागेवर औषध लावलं होतं तेवढा सगळा पट्टा काळवंडला, आणि त्याच्या मधोमध जुनी फुली पुन्हा वर आली, आधीपेक्षा गडद. पोळा तीन आठवड्यांवर होता. मायचं गुणगुणणं बंद झालं.

आम्ही पुन्हा नागपूर गाठलं. डॉक्टरांनी गाल पाहिला आणि भिंग टेबलावर आपटलं.

"उन्हात गेली होतीस?"

"रोवण्याले गेली होती. पन डोक्यावर सावली होती," माय म्हणाली.

"पाण्यात? अहो, पाण्यावरून ऊन उलटं तोंडावर येतं! एवढं साधं कळत नाही?"

"तुमाले कळत होतं, त तवा सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

माय माझा दंड चिमटत होती. डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्याकडे उपाय तयार होता. ह्या वेळी सगळ्या चेहऱ्याला लावायचं, औषध जरा जास्त तेज. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. सगळीच वरची कातडी गेली की रंग एकसारखा होईल.

"बाकीच्या तोंडाले काय झालं आहे?"

"काही नाही झालं. पण मॅच व्हायला पाहिजे ना."

मी मायकडे पाहिलं. ती हो म्हणाली. तिने विचारही केला नाही, नुसती हो म्हणाली. मला खुर्चीत बसवलं, नर्सबाईने दोन्ही डोळ्यांच्या कडांना, ओठांना व्हॅसलीन फासलं. डॉक्टर काडीला कापूस गुंडाळत पुन्हा गालावर वाकले आणि सहज म्हणाले, "हा फटाक्याचा नाही. बिब्बा आहे हा, मी खूप पाहिलेत. तोंडावर बिब्बा! कोणी लावला? कोण अडाणी माणूस होता?"

माय जमिनीकडे पाहत होती. पंचेचाळिशीची बाई, पायात एसटीच्या धुळीने भरलेल्या चपला, हातात मोकळी पिशवी, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखी जमिनीकडे पाहत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीतून उठले.

"तिनं सुईनं लावला, तुमी काडीनं लावता," मी म्हणाले. "अन् तिनं एकदाच लावला."

मी तोंडावरचं व्हॅसलीन पदराने पुसत बाहेर आले. अर्धं पुसलं गेलं, अर्धं तसंच राहिलं. उमरेडपर्यंत त्यावर धूळ बसत होती आणि माय खिडकीबाहेर पाहत होती. भिवापूर आल्यावर एवढंच म्हणाली, "करून घ्यायचं होतं ना व. आता तुह्या बाबाले काय सांगू?"

बाबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "मी शब्द देऊन बसलो आहो."

"शब्द तुमचा आहे. तोंड माहं आहे."

असं मी बाबांशी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनी हात उचलला, अर्ध्यात थांबवला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. बाबांनी सांगून ठेवलं होतं की मी डाव्या खांद्यावरून पदर पुढे ओढून बसावं. मी उजव्या खांद्यावरून घेतला, डावा गाल उजेडात ठेवला आणि चहा नेला.

मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि कपाकडे गेलेला हात मागे घेतला.

"डाग त वाढला!"

मुलाच्या वडिलांनी खुर्ची जरा मागे सरकवली, मला त्या खुर्चीच्या पायांचा आवाज आजही ऐकू येतो. "फटाक्याचा डाग कोठं वाढते का वो?" ती बाई म्हणाली. "खरं सांगा. आमच्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

बाबांचं तोंड उतरलं. आम्ही रचलेली फटाक्याची गोष्ट आता आमच्याच अंगावर उलटली होती. गावात एकदा त्या रोगाचं नाव निघालं असतं तर माझंच नाही, घरातल्या कोणाचंच काही जमलं नसतं.

"हा रोग नाही," मी म्हणाले. "डाक्टरनं तेजाब लावून कातडी काढली. मंग मी रोवण्याले गेली, अन् पान्याचं ऊन लागलं. म्हनून काळं पडलं."

"अन् मधातली फुली? तेही पान्यानं आली?"

मी तोंड उघडणार एवढ्यात माय दाराआडून बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती कधी बैठकीत येत नसे. त्या दिवशी आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"फटाका नाही उडाला," ती म्हणाली. "बिब्बा होय. मी घातला."

"बिब्बा? तोंडावर?"

"हो, तोंडावर. लावत नाही, मालूम आहे मले. हिच्या आधी एक पोरगा होता माहा. त्याचा गळा असाच सुजला. मी यांची वाट पाहत बसली. दोन दिवस बसली, अन् तो गेला. मंग हिचा गाल सुजला, तवाही हे घरी नव्हते. ह्या खेपेले मी वाट नाही पाहली. घरात जे होतं ते लावलं."

माझ्या आधी एक भाऊ होता हे मला माहीत होतं. तो कसा गेला हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. बाबा मान खाली घालून सुपारी कातरत होते, आणि अडकित्त्यात सुपारी नव्हती.

मुलाच्या आईचा चेहरा निवळला. ती काही दुष्ट बाई नव्हती, हेही लिहायला हवं. कप उचलून ती एक घोट प्याली. "बिब्बा होय मंग. रोग नाही ना, झालं. आमीही लावतो बिब्बा. मंग एक करा, त्याच डाक्टरकडून सगळं तोंडच साफ करून घ्या. पोराकडे साहेब लोक येतात, चारचौघात बरं दिसलं पाहिजे. तेवढं झालं की नारळ देतो. आज पक्कं समजा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाबांचे डोळे तर मला अजून दिसतात, एक 'हो' मागणारे. मला मोह पडला नाही असं म्हणाले तर खोटं होईल. साकोलीत विजेचा दिवा होता, नळ होता. रोवण्यात वाकावं लागलं नसतं. दोन-चार आठवड्यांची आग, आणि मग एकसारखं गुळगुळीत तोंड. पण त्या तोंडावर मायने काही केलंच नव्हतं असं झालं असतं. ती दुपार, ती सुई, तिने न पाहिलेली वाट, सगळंच डॉक्टरच्या काडीने पुसलं गेलं असतं. आणि ते कोणासाठी? साहेब लोकांसाठी, जे चहा पिऊन जाणार होते.

"मी तोंड सोलनार नाही," मी म्हणाले. "हे असं चालत असन त सांगा. नसन चालत त तेही सांगा."

मुलगा चष्मा पुसत होता. त्याच्या दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे होते, त्याला कोणी नागपूरचा पत्ता दिला नव्हता. मी त्याच्याकडे पाहत थांबले. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा काढून पुसायला लागला. मला उत्तर मिळालं.

ते गेले. बाबा माझ्याशी धान कापणीपर्यंत बोलले नाहीत. गावात पुष्कळ दिवस चर्चा झाली, की बाबूचं स्थळ पोरीने तोंडाने घालवलं. बरोबरच आहे, तोंडानेच घालवलं. पुढे माझं लग्न झालं की नाही, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर लोक त्या उत्तरावरून ठरवणार की मी बरोबर होते की चूक. झालं असेल तर म्हणतील, पाहा, डागाने काही अडलं नाही. नसेल तर म्हणतील, पाहा, तेव्हाच सोलून घ्यायला हवं होतं. मला दोन्ही नको आहे. मी नाही म्हणाले ते त्या दिवशीचं नाही होतं, आणि ते तेवढ्यानेच पुरं आहे.

त्या संध्याकाळी माय मागच्या अंगणात कप धूत होती. मी शेजारी बसून राखेने बशा घासत होते. तिने शेवटचा कप पालथा घातला, ओले हात लुगड्याला पुसले, आणि माझ्या समोर येऊन बसली, डाव्या बाजूला. बराच वेळ फुलीकडे पाहत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि तळवा माझ्या डाव्या गालावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात थंड होता, चहापत्तीचा वास येत होता.

"तवा लय दुखलं होतं का व?"

"लय दुखलं होतं," मी म्हणाले. "पन तू हालू नको म्हनली होती ना. मी हाललीच नाही."

तिने हात काढला नाही. मीही हलले नाही.